आखूड रिफ्रॅक्टर घेताना: आधी आकाशाचा तुकडा मोजा, मग भिंग

दुर्बिणींच्या यादीत '८०/४००' असं लिहिलेलं दिसतं. पहिला आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, दुसरा फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एफ-रेशो मिळतो: ४०० भागिले ८०, म्हणजे एफ/५. नवखा माणूस पहिल्या आकड्याकडे बघतो. विक्रेता खोक्यावर छापलेल्या चौथ्याच आकड्यावर बोट ठेवतो, तो म्हणजे 'इतके इतके पट'. आखूड रिफ्रॅक्टरचा, म्हणजे पुढे भिंग असलेल्या कमी लांबीच्या दुर्बिणीचा, निर्णय मात्र दुसऱ्या आकड्यावरून करायचा असतो, कारण ही दुर्बीण घ्यायची ती आकाशाचा मोठा तुकडा एका नजरेत मावावा म्हणून. ग्रहांसाठी ती चालते, पण ग्रह हेच मुख्य काम असेल तर पैसे दुसरीकडे घाला.

किती आकाश मावतं

आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आत खालच्या बाजूला एक कडं असतं, फील्ड स्टॉप. त्याचा आतला व्यास भागिले दुर्बिणीची फोकल लेंथ, गुणिले ५७.३. येईल तितके अंश आकाश दिसणार. सव्वा इंची (हा नळीचा व्यास) आयपीसमध्ये हे कडं फार तर २७ मिमीचं असतं, त्याहून मोठं नळीत बसतच नाही. त्यामुळे सव्वा इंची आयपीस वापरताना कमाल दृश्यक्षेत्र ठरलेलं आहे: ४०० मिमीला ३.९ अंश, ५०० ला ३.१, ६०० ला २.६, ७१४ ला २.२. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन या आरसेवाल्या दुर्बिणीची फोकल लेंथ २०३२ मिमी, तिथे जेमतेम पाऊण अंश.

आता हे अंश आकाशात ठेवून बघा. कृत्तिकांचे ठळक तारे एका अंशापेक्षा थोड्या जास्त जागेत आहेत, पण त्या गुच्छासारख्या दिसायला भोवती काळं आकाश लागतं, म्हणजे किमान दोन अंश. मृगातला बाण, म्हणजे ते तीन तारे, पावणेतीन अंश. देवयानी दीर्घिका अंधाऱ्या आकाशात तीन अंशांपर्यंत पसरलेली. कर्केतला एम ४४ ('एम' म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), आपला पुष्य, दीड अंश. धनू राशीतले एम ८ आणि एम २० हे दोन तेजोमेघ एकमेकांपासून १.४ अंशांवर, दोन्ही एकत्र बघायचे तर अडीच अंश हवेत. वृश्चिकाच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ यांच्यात जवळपास चार अंशांचं अंतर. ते एका दृश्यात आणायला ४०० मिमीची दुर्बीणही सव्वा इंचीत अपुरी पडते, तिथे दोन इंची फोकसर, म्हणजे आयपीस पुढे-मागे सरकवणारी नळी, लागतो. दोन इंची आयपीसमध्ये फील्ड स्टॉप ४६ मिमीपर्यंत जातो. ५०० मिमीच्या दुर्बिणीत तेव्हा सव्वापाच अंश दिसतात, ७१४ मिमीच्या दुर्बिणीत ३.७.

म्हणून ८०/४०० घेताय आणि फोकसर फक्त सव्वा इंची आहे तर बिघडत नाही, चार अंश बहुतेक सगळ्याला पुरतात. १०२/७१४ घेताय तर मात्र दोन इंचीचा आग्रह धरा, नाहीतर त्या दुर्बिणीचं अर्धं सुख कमी होतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला या मोठ्या दृश्यक्षेत्राचा एक जादा फायदा आहे. आपण १६ ते २२ अक्षांशांत आहोत, त्यामुळे दक्षिणेचं समृद्ध आकाश क्षितिजाच्या बरंच वर येतं. पुण्यातून ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ सुमारे २४ अंश उंचीवर जातो, एम ७ सुमारे ३७ अंशांवर, आणि वृश्चिकाच्या वळणातला एनजीसी ६२३१ तीस अंशांच्या आसपास. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग दाटण्याआधी, या पट्ट्यातून आखूड दुर्बीण नुसती सरकवत नेली तरी रात्र पुरत नाही. युरोपातल्या लेखांमध्ये या वस्तूंचा उल्लेख कमी असतो तो त्यांना त्या दिसत नाहीत किंवा फार खाली दिसतात म्हणून. त्यांच्या शिफारसी आपल्याला जशाच्या तशा लागू नाहीत.

आयपीसमधून बाहेर पडणारा झोत

आयपीसची फोकल लेंथ भागिले एफ-रेशो, म्हणजे एक्झिट प्युपिल: आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. एफ/५ दुर्बिणीत ३२ मिमीचा प्लॉसल (नेहमीचा साधा आयपीस) लावला तर ६.४ मिमी. पन्नाशीनंतर अंधारातही बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली ५ मिमीच्या आसपास थांबते. म्हणजे ६.४ मिमीच्या झोतातला बराच प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो, आणि ८० मिमीची दुर्बीण प्रत्यक्षात ६३ मिमीची होऊन बसते.

शहरात दुसरी अडचण येते. झोत जितका जाड तितकं आकाशही उजळ, त्यामुळे मुंबई-पुण्यात ३२ मिमीतून पार्श्वभूमी करडी दिसते आणि फिके तारे तिच्यात बुडतात. उपाय सोपा आहे. २४ मिमीचा, ६८ अंश आभासी क्षेत्राचा (डोळ्याला दिसणारं वर्तुळ किती रुंद त्याचा हा आकडा) आयपीस घ्या. त्याचाही फील्ड स्टॉप २७ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे आकाश तेवढंच दिसतं, पण ४०० मिमीवर मोठेपणा १२.५ पटींऐवजी सुमारे १७ पट आणि झोत ४.८ मिमी. एफ/५ दुर्बिणीबरोबर घ्यायचा पहिला आयपीस हाच. ३२ चा प्लॉसल एफ/७.५ दुर्बिणीवर शोभतो, तिथे झोत ४.३ मिमी पडतो.

रंगाची झालर

साध्या रिफ्रॅक्टरचं पुढचं भिंग दोन काचांचं असतं, क्राउन आणि फ्लिंट. त्याला ॲक्रोमॅट म्हणतात. या जोडीने लाल आणि निळा प्रकाश एका ठिकाणी आणता येतो, पण हिरवा-पिवळा त्यांच्या थोडा अलीकडे फोकस होतो, आणि जांभळा तर भलताच लांब. लाल-निळ्या आणि हिरव्यातलं हे अंतर साधारण फोकल लेंथच्या दोन-हजाराव्या भागाइतकं असतं. ४०० मिमीला ०.२ मिमी. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण एफ/५ ला डोळा जेवढी फोकसची चूक खपवून घेतो ती केवळ ±०.०२७ मिमी आहे. म्हणजे रंगाची चूक सहनशक्तीच्या सातपट.

जुनी लांब दुर्बीण घ्या, ८०/९००. तिथे अंतर ०.४५ मिमी, दुपटीहून जास्त. पण एफ/११ ला सहनशक्ती ±०.१३ मिमी, म्हणजे प्रमाण साडेतीनपटीच्या आत. म्हणून लांब ॲक्रोमॅटमध्ये गुरू स्वच्छ दिसतो आणि आखूडमध्ये त्याच्याभोवती जांभळी झालर येते. एफ-रेशो तोच ठेवून व्यास वाढवला की प्रकरण आणखी बिघडतं: १२०/६०० मध्ये चूक ०.३ मिमी आणि सहनशक्ती तीच ०.०२७, म्हणजे अकरापट. '८० ला थोडी झालर आहे, १२० मोठी आहे म्हणजे बरी असेल' हा हिशेब उलटा आहे.

पटकन तुलना करायला एक आकडा वापरतात: एफ-रेशो भागिले भिंगाचा व्यास इंचांत. पाच किंवा वर असेल तर रंग जवळजवळ जाणवत नाही, तीनच्या वर असेल तर सहज चालवून घेता येतो. ८०/९०० चा ३.६, ८०/४०० चा १.६, १०२/५०० चा १.२२, १२०/६०० चा १.०६, १५०/७५० चा ०.८५. आखूड ॲक्रोमॅट सगळे नापास दिसतात.

तरीही लोक ते घेतात आणि खूश असतात, कारण हा निकष तेजस्वी वस्तूंना जास्त मोठेपणावर लागतो. १७ पटींवर रंगाचा डाग डोळ्याला वेगळा ओळखू येण्याइतका मोठाच नसतो, आणि दीर्घिका-तेजोमेघांच्या फिक्या प्रकाशात डोळ्याला रंग दिसत नाहीत. झालर दिसते ती चंद्राच्या कडेला, शुक्र, गुरू, व्याध, अभिजित यांच्याभोवती. ८०/४०० वर ८० पटींपर्यंत चंद्र-शनी बघायला मजा येते. शंभराच्या पुढे प्रतिमा मोठी होते, तपशील वाढत नाही.

झालर कमी करायचे दोन स्वस्त मार्ग आहेत. काही ८० आणि १२० मिमी दुर्बिणींच्या पुढच्या झाकणातच एक छोटं झाकण असतं. फक्त तेवढंच काढलं की व्यास लहान होतो. नसेल तर काळ्या पुठ्ठ्यात ५० मिमीचं गोल भोक कापून पुढे लावा. ८०/४०० ची ५०/४०० होते, म्हणजे एफ/८, आणि वरचा आकडा १.६ वरून ४ वर जातो. चंद्र आणि शुक्रापाशी प्रकाशाची ददात नसते, त्यामुळे हा सौदा परवडतो. पृथक्करण (किती जवळचे दोन तारे वेगळे दिसतात ते) १.४५ वरून २.३ आर्क-सेकंदांवर येतं हे मात्र लक्षात ठेवा. दुसरा मार्ग, फिकट पिवळा ८ नंबरचा फिल्टर. जांभळा-निळा भाग तो कापतो, चंद्र किंचित लिंबासारखा पिवळा दिसतो, पण कडा लगेच घट्ट होतात. महागडे 'जांभळा-मारक' फिल्टर हेच काम जरा सफाईने करतात. स्वस्त ॲक्रोमॅटवर त्यांचा खर्च मला पटत नाही, तेवढे पैसे बाजूला ठेवले तर कमी रंग फाकवणाऱ्या खास काचेची ईडी दुर्बीण जवळ येते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. स्वस्त एफ/५ मध्ये गुरू मऊ दिसला की सगळे रंगाला दोष देतात. पुष्कळदा खरा गुन्हेगार गोलीय विपथन असतं, म्हणजे भिंगाच्या मधला आणि कडेचा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होणं. हे नगागणिक बदलतं. पिवळा किंवा हिरवा फिल्टर लावूनही प्रतिमा घट्ट होत नसेल तर दोष रंगाचा नाही.

ईडी म्हणजे नक्की काय घेतो आपण

ईडी काच प्रकाशाचं रंगांत विघटन कमी करते. काचेच्या जातीला ॲबे अंक असतो, तो जितका मोठा तितकं विघटन कमी. नेहमीच्या बीके७ चा ६४, ओहारा या काच बनवणाऱ्या कंपनीच्या एफपीएल-५१ चा ८१ च्या वर, एफपीएल-५३ चा ९५, नैसर्गिक फ्लुओराइटचाही जवळपास तेवढाच. जाहिरातींत फक्त ५१ आणि ५३ ची भांडणं असतात. पण ईडी काचेच्या जोडीला दुसरी काच कोणती निवडली आणि घासकाम कसं झालं यालाही तितकंच वजन आहे, आणि ते कुठेच छापलेलं नसतं. एफ/७ वरची चांगली घासलेली ५१ ही एफ/६ वरच्या ढिसाळ ५३ पेक्षा बरी.

डोळ्याने बघण्यासाठी ८० मिमीला एफ/६ च्या वर आणि १०० मिमीला एफ/७ किंवा वर असलेली दोन काचांची ईडी पुरते. शुक्र आणि अभिजितभोवती जांभळ्याची पुसट छटा राहील, बाकी काही नाही. तीन काचांचे ट्रिपलेट छायाचित्रणासाठी बनतात. ते पुढून जड असतात, थंड व्हायला वेळ घेतात, आणि डोळ्याला दिसणारा फरक किमतीच्या फरकाच्या आसपासही जात नाही. छायाचित्रणाचा इरादा नसेल तर ट्रिपलेटचा विचार सोडून द्या.

वाकलेलं दृश्य

आखूड रिफ्रॅक्टरमध्ये प्रतिमा सपाट पडद्यावर पडत नाही, वाटीसारख्या वळलेल्या पृष्ठावर पडते. त्या वळणाची त्रिज्या फोकल लेंथच्या साधारण एक-तृतीयांश. ४०० मिमीला ती १४० मिमीच्या आसपास येते, आणि २७ मिमीच्या फील्ड स्टॉपच्या कडेला फोकस मध्यापेक्षा ०.६५ मिमी सरकतो. २४ मिमीच्या आयपीसमधून डोळ्याला हा फरक एका डायॉप्टरपेक्षा (चष्म्याच्या एका नंबरापेक्षा) थोडा जास्त भासतो. पंचविशीतला डोळा तो नकळत सावरून घेतो. पन्नाशीतला सावरत नाही, आणि तक्रार येते की 'कडेचे तारे फुगलेत, आयपीस खराब आहे'.

ओळखायचं कसं? कडेचा फुगलेला तारा फोकसर फिरवून टाचणीसारखा होत असेल तर ती दृश्याची वक्रता, दुर्बिणीची. फिरवूनही तो उडत्या पक्ष्यासारखा किंवा रेघेसारखा राहत असेल तर तो आयपीसचा ॲस्टिग्मॅटिझम, एफ/५ च्या तिरक्या किरणांना साध्या रुंद आयपीसची रचना पुरी पडत नाही म्हणून येणारा. पहिल्यावर उपाय म्हणजे मध्यावर फोकस न करता मध्य आणि कड यांच्या अधल्या-मधल्या ताऱ्यावर करणं, म्हणजे चूक दोन्हीकडे वाटली जाते. दुसऱ्यावर उपाय म्हणजे चांगला आयपीस. ६०० मिमीच्या दुर्बिणीत वक्रतेचा त्रास साधारण दोन-तृतीयांशावर येतो, आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी ४०० ऐवजी ६०० घेण्याचं हे एक खरं कारण आहे. मागे आणखी भिंगं असलेले पेट्झवाल रचनेचे रिफ्रॅक्टर, उदाहरणार्थ टेलिव्ह्यूचा एनपी१०१ (५४० मिमी, एफ/५.४), सपाट दृश्य देतात, पण त्यांच्या किमती वेगळ्याच जगातल्या.

डायगोनल आणि फोकसर

खोक्यात येणारा ४५ अंशांचा, सरळ प्रतिमा देणारा डायगोनल (प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा भाग) पक्षी बघायला ठेवा. त्यातल्या प्रिझमला छपरासारखी धार असते, तेजस्वी ताऱ्यातून एक लांब रेघ निघते ती तिच्यामुळे. शिवाय त्याचं आतलं मोकळं तोंड अरुंद असतं, त्यामुळे रुंद आयपीसमध्ये कडा अंधारतात. आणि महाराष्ट्रातून कृत्तिका, पुष्य जवळजवळ डोक्यावर येतात. ४५ अंशांतून डोक्यावर बघायचं म्हणजे जमिनीवर झोपायचं.

९० अंशांचा आरसेवाला डायगोनल घ्या, डायइलेक्ट्रिक लेप असलेला मिळाला तर उत्तम. एफ/५-एफ/६ ला प्रिझमपेक्षा आरसा बरा, कारण तीव्र कोनात येणाऱ्या किरणांना प्रिझमची जाड काच स्वतःचे रंग जोडते. आरशात डावं-उजवं उलटं होतं. नकाशाच्या ॲपमध्ये प्रतिमा आडवी उलटवायची सोय असते, ती चालू केली की गोंधळ मिटतो.

प्रतिमा खराब दिसली की आधी डायगोनलवर संशय घ्या. तो काढून सरळ बघा. पण नुसता काढून चालत नाही: सव्वा इंची डायगोनलमधून प्रकाश सुमारे ७० मिमी प्रवास करतो, तेवढी एक्स्टेन्शन नळी मध्ये घातल्याशिवाय फोकस येणार नाही.

फोकसरबद्दल एकच हिशेब. एफ/५ ला खपणारी एकूण जागा ०.०५५ मिमी. बटणाच्या एका फेऱ्याला नळी साधारण २० मिमी सरकत असेल तर अचूक फोकस बटणाच्या एका अंशाच्या फिरण्यात सापडायला हवा. म्हणूनच एफ/५ वर ८० पटींना बोटं सतत फोकसवरून पुढे-मागे घसरत राहतात. १०:१ चा बारीक बटणवाला फोकसर याच दुर्बिणींना सगळ्यात जास्त हवा, आणि नेमका स्वस्त एफ/५ मध्ये तो नसतो. एकेरी फोकसरवर मोठा प्लास्टिकचा डबा-झाकण बटणाला घट्ट बसवलं की हात स्थिरावतो, दिसतं गावठी पण काम होतं. विकत घेताना नळी पूर्ण बाहेर काढून वर-खाली हलवून बघा. डुगडुगत असेल तर बाजूचे छोटे स्क्रू आवळून बघा, तरीही हलली तर सोडा.

माउंट

८०/४०० दीड-दोन किलोची, डायगोनल-आयपीससह थोडी जास्त. १०२/५०० तीनच्या आसपास. १०२/७१४ ईडी सगळं धरून पाच किलोपर्यंत जाते. कॅमेऱ्याचा बॉल-हेड ट्रायपॉड यातल्या कशालाच योग्य नाही, सैल केला की सगळं एकदम लोळतं. व्हिडिओचा फ्लुइड हेड ३०-४० पटींपर्यंत चालतो, पण साठ-सत्तर अंशांच्या वर त्याची दांडी छातीला लागते. दोन्ही अक्षांवर बारीक हालचालीची सोय असलेला, दुर्बीण एका बाजूला धरणारा अल्टाझिमथ (वर-खाली आणि आडवा फिरणारा) माउंट घ्या. तो डोक्यापर्यंत सहज जातो. काट्यासारख्या जुन्या अल्टाझिमथमध्ये नळी अक्षाच्या वर बसते, आणि ६० अंशांपुढे तिचं वजन मागे ओढायला लागतं.

कसोटी: ५० पटींवर तारा मध्यात घ्या आणि ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा. थरथर दोन सेकंदांत थांबली तर माउंट पुरेसा आहे. पाच सेकंद लागले तर फोकस करणं अशक्य होईल. ट्रायपॉडचे पाय पूर्ण न ओढता खुर्चीवर बसून बघा, थरथर निम्म्याने कमी होते. आखूड नळीचं इथे चांगलं जमतं, क्षितिजापासून डोक्यापर्यंत आयपीसची उंची फार बदलत नाही, त्यामुळे एकाच खुर्चीवर रात्र निघते.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

दुर्बीण खरंच जाहिरातीतल्या व्यासाची आहे का, हे घरात तपासता येतं. दुर्बीण रात्री ताऱ्यावर फोकस करा. मग काहीही न हलवता खोलीत आणा, आयपीसमध्ये मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढच्या भिंगापुढे कागद लावा. कागदावर पडलेलं उजेडाचं वर्तुळ मोजपट्टीने मोजा. ८० ऐवजी ७२ भरलं तर आतल्या एखाद्या बॅफलने (भटका प्रकाश रोखणाऱ्या कड्याने) प्रकाश अडवला आहे.

ताऱ्याची चाचणी करताना बहुतेक परदेशी मार्गदर्शक ध्रुव घ्यायला सांगतात, कारण तो हलत नाही. आपल्याकडे ध्रुव १८-२० अंशांवर, धुरकट हवेत. एवढ्या खाली वातावरण स्वतःच लोलकासारखं काम करतं: ताऱ्याची वरची कड निळी, खालची लाल. भोळा ग्राहक म्हणतो, भिंग वाकडं बसलंय. रंगाची ही फाकण नेहमी क्षितिजाला काटकोनात असते. भिंगाचा दोष असेल तर नळी रिंगमध्ये फिरवल्यावर तो नळीबरोबर फिरतो. त्यापेक्षा ६० अंशांच्या वरचा, तेजस्वितेने दुसऱ्या प्रतीचा तारा घ्या, हिरवा फिल्टर लावा, मोठेपणा व्यासाच्या मिमीइतका ठेवा (८० मिमीला ८० पट), आणि फोकसच्या आत-बाहेर थोडं थोडं फिरवा. दोन्ही बाजूंना कडी गोल आणि एककेंद्री हवीत. लांबट होऊन फोकसच्या पलीकडे दिशा ९० अंशांनी बदलली तर ॲस्टिग्मॅटिझम; आधी स्वतःचं डोकं कलतं करून बघा, दिशा डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. त्रिकोणी दिसलं तर भिंगाची धरणारी रिंग जास्त आवळली आहे. ती अगदी थोडी सैल करा, इतकीच की नळी कानाशी हलवल्यावर भिंगाची जेमतेम टकटक यावी. कडी एका बाजूला सरकलेली असतील तर फोकसर किंवा भिंग तिरकं आहे, वॉरंटीत परत करा.

सूर्य बघायचा असेल तर पुढच्या भिंगावर बसणारी प्रमाणित सोलर फिल्म, आणि ती वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट. आयपीसला लावायचा काळा 'सन फिल्टर' खोक्यात आला असेल तर तो फोडून टाका, उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो. फाइंडरवरचं (वस्तू शोधायच्या छोट्या दुर्बिणीवरचं) झाकणही काढायचं नाही.

मग कोणती?

कमी पैशात, शहरात राहून अधूनमधून गावाकडे जाणाऱ्याने ८०/४०० ॲक्रोमॅट घ्यावी आणि वाचलेले पैसे माउंट, आरसेवाला डायगोनल आणि २४ मिमीच्या आयपीसवर घालावेत. जोडीला १० ते १२ मिमीचा एक आणि ५ मिमीचा एक आयपीस. पाच मिमीत ८० पट आणि एक मिमीचा झोत, त्याखाली जायची गरज नाही. शोधायला फाइंडर-दुर्बीणही नको, चार अंशांचं क्षेत्र असल्यावर लाल ठिपक्याचा फाइंडर पुरतो.

एकच दुर्बीण वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर ८०/६०० ईडी, आणि वजन उचलायची तयारी असेल तर १०२/७१४ ईडी. १०२ मिमी हे ८० पेक्षा १.६ पट प्रकाश गोळा करतं. ओमेगा सेंटॉरीत हा फरक स्पष्ट होतो: त्याचे सर्वात तेजस्वी तारे साडेअकराव्या प्रतीच्या आसपास, ८० मिमीच्या अगदी काठावर. ८० मध्ये तो दाणेदार धुकं वाटतो, १०२ मध्ये शंभर पटींवर दाणे सुटायला लागतात.

१२०/६०० ॲक्रोमॅट पहिली दुर्बीण म्हणून घेऊ नका. पेंचसारख्या काळ्या आकाशाखाली, यूएचसी फिल्टरसह (तेजोमेघांचा प्रकाश सोडून बाकीचा बराच अडवणारा), हंसातल्या तेजोमेघांपुढे ती जे दाखवते ते तिच्या किमतीत दुसरं काही दाखवत नाही. चंद्रावर नेली की निराशा. १५०/७५० बद्दल तेवढंही म्हणवत नाही. तेवढ्या व्यासाची हौस असेल तर १५०/१२०० चा डॉब (साध्या पेटीवजा माउंटवरची आरसेवाली दुर्बीण) घ्या, ग्रह कितीतरी सरस दिसतील. ७२/४२० सारख्या छोट्या ईडी सुरेख असतात, पण विमानाच्या हातसामानात न्यायची नसेल तर ८० घ्या.

घेण्याआधी एकदा तरी अशा दुर्बिणीला डोळा लावा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री घेतं. अशा रात्री पाच-सहा दुर्बिणी शेजारी शेजारी असतात, आणि ॲक्रोमॅट-ईडीतला फरक गुरूवर दहा सेकंदांत कळतो.

राहिला पावसाळा. आपल्या हवेत भिंगाचा खरा शत्रू बुरशी आहे, आणि ७० टक्क्यांवर आर्द्रता महिनोन्‌महिने राहिली की ती येणारच, कोकणात तर नक्की. फोमच्या पेटीत बंद करून माळ्यावर टाकणं सगळ्यात वाईट, फोम ओल धरून ठेवतो. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि बरा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. हिवाळ्यात दव पडलेल्या भिंगावर लगेच झाकण लावू नका, आधी खोलीत पंख्याखाली कोरडं होऊ द्या. दवाला मुळात रोखायला योगा-मॅटचा तुकडा नळीभोवती गुंडाळा, भिंगाच्या पुढे व्यासाच्या दीडपट येईल इतका. आणि बुरशी दोन काचांच्या मध्ये शिरलीच असेल तर काचा सुट्या करण्यापूर्वी त्यांच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ दोन्हींवरून ओढा. त्यांची एकमेकांशी दिशा ठरलेली असते, आणि मधले तीन चिमुकले पत्र्याचे तुकडे हरवले तर ती दुर्बीण पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.